आयुक्तांना खुलं पत्र : रिमांड होममध्ये आलेल्या मुलाला त्याचा कायदा पहिल्याच दिवशी सांगा

प्रति,
मा. आयुक्त, महिला व बाल विकास, महाराष्ट्र राज्य, पुणे
आणि राज्यातल्या बाल न्याय मंडळांचे सदस्य व निरीक्षणगृहांचे अधीक्षक यांना,

सविनय नमस्कार.

मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवरची वकील आहे. ज्या मुलांच्या घरच्यांना वकील करणं परवडत नाही, त्यांची बाल न्याय मंडळासमोरची, म्हणजे अठरा वर्षांच्या आतल्या मुलांवरच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या मंडळासमोरची, कामं माझ्याकडे येतात. कागदोपत्री या मुलांना ‘विधी संघर्षग्रस्त बालक’ म्हणतात, गावात ‘रिमांडमधली पोरं’. मी कोण आहे हे सांगून झालं की त्यांच्याकडून ठरलेला प्रश्न येतो : “मॅडम, मला किती लागतील?” किती वर्षं, असं त्याला विचारायचं असतं. मोबाइल चोरीच्या संशयावरून आलेला पोरगाही हेच विचारतो, कारण त्याने टीव्हीवर आणि चौकीत तेवढंच ऐकलेलं असतं. चौकशीला कायद्याने मुदत घातली आहे, जामीन हा त्याच्या बाबतीत नियम आहे आणि तो नाकारायचा तर कारणं लिहावी लागतात, आपल्याला फुकट वकील मिळतो, यातलं काहीही त्याला ठाऊक नसतं. निरीक्षणगृहात, म्हणजेच रिमांड होममध्ये, त्याचे चार-आठ दिवस गेलेले असतात, तरी नसतं.

माझी मागणी एका वाक्यात मांडते. निरीक्षणगृहात येणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला, आल्या दिवशी, त्याला कळेल त्या भाषेत त्याचे हक्क तोंडी सांगितले जावेत, त्याचा कागद त्याच्या हातात दिला जावा, आणि ते खरंच सांगितले गेले का हे संस्थेबाहेरच्या कुणीतरी तपासावं.

प्रवेशाच्या दिवशी सध्या काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. रजिस्टरमध्ये नोंद, झडती, अंगावरच्या वस्तूंची यादी, डॉक्टर, आंघोळ, कपडे, ताट-वाटी. मग नियम : कितीला उठायचं, कुठे रांग लावायची, कुणाला सर म्हणायचं, गेटच्या कोणत्या बाजूला जायचं नाही. त्याने काय करायचं याची सगळी यादी त्याला तासाभरात मिळते. त्याने काय मागायचं याची यादी मात्र मिळते रात्री, बराकीतल्या जुन्या पोरांकडून. त्यांचा स्वतःचा एक कायदा असतो आणि तो फार जोरात चालतो. कबूल केलं की लवकर सोडतात. सरकारकडून मिळणारा फुकटचा वकील पोलिसांचाच माणूस असतो, त्याला काही सांगायचं नाही. वय वाढवून सांगितलं तर मोठ्या जेलात जातो, पण तिथून जामीन पटकन होतो. यातली तिसरी गोष्ट ऐकून खरोखरच वय वाढवून सांगणारी मुलं असतात. आपण गप्प राहिलो की त्याला कायदा कोण शिकवतं, हे यावरून कळावं.

हे मी नवीन काही मागत नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ८ मध्ये मंडळाचं काम म्हणून पहिल्यांदा हेच लिहिलं आहे, की प्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्यावर मूल आणि पालक यांचा समजून-उमजून सहभाग असला पाहिजे. जे त्याला कुणी सांगितलंच नाही त्यात तो समजून-उमजून कसा सहभागी होणार? याच कायद्याखालच्या केंद्राच्या आदर्श नियमांमध्ये नव्याने आलेल्या मुलाला संस्थेची ओळख करून देताना काय काय सांगावं याची यादी आहे. आरोग्य आणि स्वच्छता, शिस्त, मोठ्यांचा मान, दिनक्रम, आणि सर्वांत शेवटी हक्क व जबाबदाऱ्या. शेवटचा मुद्दा यादीत शेवटी आला म्हणून प्रत्यक्षात गळून पडतो, असं माझं निरीक्षण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९० मध्ये स्वीकारलेले हवाना नियम तर स्वच्छ सांगतात : दाखल होताना प्रत्येक मुलाला संस्थेच्या नियमांची प्रत आणि त्याच्या हक्कांचं लेखी वर्णन त्याला समजेल त्या भाषेत द्यावं, सोबत तक्रार कुणाकडे करायची तो पत्ता आणि कायदेशीर मदत कुठे मिळते तो पत्ता द्यावा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला पूर्ण समजेल अशा रीतीने सांगावं. संयुक्त राष्ट्रांच्याच बालहक्क संहितेत भारत १९९२ पासून सामील आहे. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ आपण तत्त्वतः हो म्हणत आलो आहोत.

काही संस्थांमध्ये प्रवेशाच्या कागदांत एक छापील ओळ असते : ‘मला माझे हक्क समजावून सांगण्यात आले आहेत.’ तिच्याखाली मुलाची सही किंवा अंगठा. तपासणीला आलेल्यांना ती ओळ दाखवली की विषय संपतो. मला ही ओळ सर्वांत जास्त खटकते. सही मुलाची कशाला? ज्याने सांगितलं त्याची घ्या. त्याने आपलं नाव, हुद्दा, कोणत्या भाषेत सांगितलं, किती वाजता सांगितलं, हे लिहावं. कायद्याच्या कलम ३ मधलं एक तत्त्व असं आहे की मुलाने स्वतः किंवा त्याच्या वतीने कुणीही त्याचा हक्क सोडून दिला तरी तो सुटत नाही. मग त्याच्या अंगठ्याने आपली जबाबदारी तरी कशी सुटेल?

तर त्या कागदावर काय असावं? मी एक मसुदा केला आहे. पोरांशी बोलताना जसं बोलते तसाच लिहिला आहे, त्यामुळे तुमच्या कार्यालयातल्या मराठीत तो बसणार नाही. बसवूही नये.

“तू इथे आला आहेस म्हणजे तू गुन्हा केलास असं ठरलेलं नाही. अठरा वर्षांच्या आतल्या प्रत्येकाला कायदा निर्दोष धरून चालतो. हे जेल नाही. तुला पोलीस लॉकअपमध्ये किंवा मोठ्यांच्या जेलात ठेवता येत नाही, आणि पकडल्यापासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, मंडळापुढे आणावं लागतं. तुला लॉकअपमध्ये ठेवलं असेल, बेडी घातली असेल, मारलं असेल, तर ते मंडळाला सांग. मंडळात एक न्यायाधीश असतात आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांतली निदान एक बाई असते. त्यांच्यासमोर तू बोलू शकतोस. तुझी भाषा वेगळी असेल तर दुभाषी माग.

“तुझं खरं वय सांग. शाळेचा दाखला किंवा जन्माचा दाखला घरच्यांना आणायला सांग. कुणी तुझं वय जास्त लिहिलं असेल तर ते कधीही, कोणत्याही कोर्टात सांगता येतं.

“तुला वकील फुकट मिळतो. तू लहान आहेस एवढं कारण पुरेसं आहे, घरच्यांच्या उत्पन्नाचा दाखला लागत नाही. वकिलाशी एकट्याने बोल. तू त्याला जे सांगशील ते तो बाहेर सांगणार नाही. कबूल केलं तर लवकर सोडतील असं कुणी म्हटलं तर आधी वकिलाला विचार. कबुली देण्याची जबरदस्ती तुझ्यावर कुणीही करू शकत नाही.

“तुझा जामीन व्हायला पाहिजे, असंच कायदा म्हणतो. तीनच कारणांनी तो नाकारता येतो : बाहेर गेल्यावर तू गुन्हेगारांच्या संगतीत जाशील, तुला धोका होईल, किंवा त्यामुळे न्यायाचं काम बिघडेल. नाकारला तर का नाकारला ते मंडळाला लिहावं लागतं. जामीन मंजूर झाला पण जामीनदार मिळत नाही, पैसे नाहीत, असं होऊन सात दिवस गेले, तर अट बदलण्यासाठी तुला परत मंडळापुढे न्यावं लागतं. दिवस मोज आणि सातव्या दिवशी विचार.

“चौकशी पहिल्या तारखेपासून चार महिन्यांत संपवायची असते, फार तर दोन महिने वाढवता येतात. ज्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंतच शिक्षा आहे, जसं साधी चोरी, त्यात एवढ्या वेळातही चौकशी संपली नाही तर केसच बंद होते.

“तुला इथे कुणीही मारू शकत नाही, सरही नाही, मोठी पोरंही नाहीत. संस्थेतल्या माणसाने छळ केला तर त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. घरच्यांना भेटायचा, पत्र लिहायचा तुला हक्क आहे. तुझं नाव किंवा फोटो पेपरात, मोबाइलवर, कुठेही टाकणं गुन्हा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, १५१०० वर वकिलाची मदत मिळते. फोन कुठे आहे ते आजच विचारून ठेव.”

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं आहे. नंबर भिंतीवर रंगवलेला आणि फोन अधीक्षकांच्या कुलूपबंद खोलीत, हे चित्र तुम्हालाही अनोळखी नसेल.

सोळा वर्षांपुढच्या आणि गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी आणखी एक परिच्छेद लागेल, आणि तो लिहिताना सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागेल. ज्या गुन्ह्याला किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त आहे, त्यात कलम १५ खाली मंडळ ‘प्राथमिक मूल्यांकन’ करतं : या मुलाला परिणामांची समज होती का, त्याला प्रौढ म्हणून चालवायचं का. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ त्याच्याशी बोलतात, परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरची चौकशी करतात. मुलाला वाटतं, कुणीतरी पहिल्यांदा आपलं ऐकून घेतंय. तो मोकळा होतो. दारू कधी प्यायली, मारामारी कधी केली, बापावर राग का आहे, सगळं सांगतो. हे सगळं एका अहवालात जाणार आहे आणि त्या अहवालाच्या आधारे त्याचं प्रकरण मोठ्यांसारखं चालवायचं की नाही हे ठरणार आहे, एवढं सांगूनच ते बोलणं सुरू व्हायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गुरुग्रामच्या शाळेतल्या खून प्रकरणात या मूल्यांकनाकडे उरकून टाकायचं काम म्हणून पाहू नका असं बजावलं आहे. मुलाने गप्प बसावं असं मला म्हणायचं नाही. पण बोलायचं की नाही हे त्याला जाणूनबुजून ठरवता आलं पाहिजे. याच परिच्छेदात हेही हवं की अगदी वाईटात वाईट निकाल लागला तरी फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप मुलाला देता येत नाही. सतरा वर्षांची पोरं फाशीच्या भीतीने रात्र रात्र जागतात आणि त्यांना हे एक वाक्य कुणी सांगितलेलं नसतं.

मे २०२४ मधला पुण्याच्या कल्याणीनगरचा अपघात सगळ्यांना आठवतो. दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, गाडी चालवणाऱ्या मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला, तीनशे शब्दांच्या निबंधाची अट देशभर गाजली, लोक चिडले आणि तीन दिवसांत मंडळाने त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. त्याच्या आत्याने उच्च न्यायालयात याचिका केली आणि २५ जूनला न्यायालयाने त्याची सुटका केली, कारण जामीन रद्द झालेला नसताना त्याला ठेवणं बेकायदा होतं. लोकांच्या रागात मीही सामील होते, आजही आहे. पण कायद्याच्या बाजूने तो आदेश बरोबर होता. मला बोचतं ते वेगळंच. जामिनाचा आदेश हातात असूनही आत बसलेली मुलं मी जवळजवळ प्रत्येक महिन्यात पाहते. कुणाचा जामीनदार शेतमजूर, त्याच्याकडे सातबारा नाही. कुणाचा बाप ऊसतोडीला कर्नाटकात गेलेला. त्यांच्यासाठी सात दिवसांची तरतूद आहे, पण ती मागायची असते हे ना त्यांना माहीत, ना त्यांच्या आईला. ज्याच्या आत्याला कायदा ठाऊक आहे त्याच्यासाठी कायदा धावतो. बाकीच्यांसाठी तो पुस्तकात आहे.

मुंबईत उमरखाडीला आज जिथे निरीक्षणगृह आहे, तिथेच पूर्वी डोंगरीचा तुरुंग होता. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या अब्रुनुकसानीच्या प्रकरणात टिळक आणि आगरकर तिथे होते. शिक्षा चार महिन्यांची, सुटले एकशे एक दिवसांनी. दोघेही शिकलेले, टिळक तर कायद्याचे पदवीधर. त्यांना शिक्षा किती, का झाली आणि कधी संपणार हे दिवसासकट माहीत होतं. त्याच आवारात आता राहणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला इंग्रजी राजवटीतल्या कैद्याइतकीही माहिती नसावी, हे मला पटत नाही.

भाषेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथेच योजना फसतात. मराठी आणि हिंदी कागद छापला की काम झालं असं वाटतं. नंदुरबार-धडगावकडच्या मुलाला पावरी किंवा भिली लागते, मेळघाटातल्याला कोरकू, गडचिरोलीतल्याला गोंडी. मुंबई-ठाण्यात बंगाली, नेपाळी, भोजपुरी बोलणारी मुलं येतात. पारधी मुलांचं तर विचारू नका. त्यांच्या बापजाद्यांना ब्रिटिशांनी जन्मतः गुन्हेगार ठरवलं, १९५२ मध्ये तो शिक्का पुसला गेला, पण आजही गावात कुठे चोरी झाली की आधी त्यांच्या पालांची झडती होते. असा मुलगा मान हलवून ‘हो’ म्हणतो तेव्हा त्याला समजलंय असं नसतं. समोरच्याने लवकर जावं एवढंच त्याला हवं असतं. म्हणून कागदाबरोबर ध्वनिमुद्रण हवं, पाच-सहा मिनिटांचं, त्या त्या बोलीतल्या माणसाच्या आवाजात. पोरं ते पुन्हा पुन्हा ऐकतील असा माझा अंदाज आहे, कारण आत घरच्या बोलीत ऐकायला दुसरं काहीच नसतं.

मुलींचं काय? त्यांची संख्या कमी असते, त्यामुळे त्यांची सोयही उरलीसुरली असते. मुलीची झडती बाईनेच घ्यायची, पाळीच्या वेळी लागतं ते मागायला लाजायचं नाही, गर्भार असेल तर वेगळी काळजी मिळेल, हे तिच्या कागदावर वेगळं लिहा. आणि सांगणारीही बाईच असू द्या.

यावरचा आक्षेप मला पाठ आहे, कारण तो चांगली माणसंही घेतात : “हक्क सांगितले की पोरं डोक्यावर बसतात.” निरीक्षणगृहातले कर्मचारी काय परिस्थितीत काम करतात ते मी पाहते. पदं रिकामी, काळजीवाहक कंत्राटी, रात्रीपाळीला एक माणूस आणि पुढे अख्खी बराक. त्यात एखादा दांडगा पोरगा कायद्याचं कलम तोंडावर फेकेल ही भीती खोटी नाही. एखादा फेकेलही. पण भिंतीवरून उडी मारणाऱ्या किंवा नस कापून घेणाऱ्या ज्या मुलांशी मी नंतर बोलले, त्यांचं म्हणणं एकच होतं : आता इथून कधीच सुटका नाही असं वाटलं. आपली पुढची तारीख, वकिलाचं नाव आणि घरी निरोप गेला की नाही, एवढं ज्याला माहीत आहे तो मुलगा सांभाळायला सोपा जातो. हे मला काळजीवाहकांनीच सांगितलं आहे.

तेव्हा सांगणारा कोण? माझ्या मते अधीक्षक नकोत, निदान एकटे नकोत. ज्याच्याविरुद्ध उद्या तक्रार करायची वेळ येऊ शकते, त्याच्याकडूनच तक्रारीचा रस्ता समजून घेणं मुलाला अवघड जातं. विधी सेवा प्राधिकरणाचे पॅरा लीगल व्हॉलंटियर, म्हणजे कायद्याची प्राथमिक माहिती दिलेले स्वयंसेवक, प्रत्येक जिल्ह्यात आहेत. संध्याकाळी नवीन मूल आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यापैकी एकजण संस्थेत येऊ शकतो, आणि पहिल्या रात्रीपुरतं ध्वनिमुद्रण आहेच. मंडळाच्या सदस्यांना माझी विनंती वेगळी आहे. मूल पुढच्या तारखेला समोर आलं की त्याला दोन प्रश्न विचारा : तुझ्या वकिलाचं नाव काय? तुला कुणी मारलं तर तू कुणाला सांगशील? उत्तर आलं नाही तर ते रोजनाम्यात लिहा. कायद्याने तुम्ही महिन्यातून एकदा संस्थेला भेट देणं अपेक्षित आहे, तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा. भेटीच्या दिवशी मुलं अंघोळ करून रांगेत उभी असतात आणि ‘जेवण चांगलं आहे’ म्हणतात. त्यांना रांगेत विचारू नका, एकेकट्याला विचारा. तक्रारपेटी उघडून बघा, आणि ती सीसीटीव्हीच्या टप्प्याबाहेर आहे ना तेही. नियमांत तसं लिहिलेलं आहे. कॅमेऱ्याखालच्या पेटीत कोण चिठ्ठी टाकणार?

एक प्रश्न मोठी मुलं हमखास विचारतात आणि त्याचं उत्तर कागदावर ठळक अक्षरात यावं असं मला फार वाटतं : “मॅडम, पोलीस भरतीला चालेल का?” बीड, लातूर, जालना, कुठलाही जिल्हा घ्या, पोरगं पहाटे उठून रस्त्यावर धावत असतं ते याच भरतीसाठी. इथे आलो म्हणजे ते स्वप्न गेलं, असं समजून बरेचजण सगळंच सोडून देतात. कलम २४ म्हणतं की बाल न्याय मंडळाने चालवलेल्या प्रकरणामुळे मुलाला पुढे कोणतीही अपात्रता लागत नाही आणि अपिलाची मुदत संपली की नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरच्या, प्रौढ म्हणून खटला चालून दोषी ठरलेल्यांचा. प्रत्यक्षात पडताळणीच्या वेळी त्रास होतो, त्यासाठी भांडावं लागतं, हेही खरं. पण भांडता येतं हे त्याला आज कळलं तर तो निदान शाळा सोडणार नाही.

१९८६ मध्ये सुक दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आरोपीने मागितला नाही म्हणून मोफत वकील नाकारता येणार नाही, कारण तो हक्क आहे हेच गरिबाला माहीत नसतं. तो निकाल मोठ्या माणसाबद्दल होता. मुलांबद्दल वेगळ्या निकालाची वाट पाहायची गरज नाही, तुमच्या कार्यालयाचं एक परिपत्रक पुरे आहे.

मसुद्याची प्रत मी आयुक्तालयाच्या टपालात वेगळी पाठवली आहे. तो एका कागदाच्या दोन बाजूंवर मावतो. पावरी आणि गोंडीत बोलून द्यायला तयार असलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत, त्यांनी मानधन मागितलेलं नाही, जाण्या-येण्याचा खर्च मात्र द्यावा. मजकुरात कायद्याची चूक असेल तर तुमच्या विधी शाखेने ती जरूर दुरुस्त करावी. वाक्यं लांब करू नयेत.

आपली,
जिल्हा विधी सेवा पॅनलवरची एक वकील